डिस्को नानांचं पाण्याचं गाणं

१९९५ सालचा एप्रिल, दुसरा रविवार. ठिकाण देवपुरातलं आमचं भाड्याचं घर. ठरलेली रक्कम अठराशे रुपये, टेम्पोचं भाडं धरून. हजर चौघं : मी, माझी पत्नी, ज्याचं लग्न होतं तो माझा धाकटा भाऊ अविनाश, आणि डिस्को नाना. मिरवणुकीत कोणती गाणी हवीत, हे नानांनी विचारलं नाही. विसार किती देता, हेही विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पाण्याची काय सोय आहे?"

मला वाटलं, त्यांना पाणी हवंय. पत्नी तांब्या आणायला उठलीसुद्धा.

"मला नको, वहिनी. नाचणाऱ्यांचं विचारतोय. मुहूर्त मेमधला, तोही गोरज. म्हणजे मिरवणूक चार-साडेचारला निघणार. जळगावचं ऊन. रस्त्यात पाणी कोण देणार, किती ठिकाणी देणार?"

डिस्को नाना म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांपुढे येतो, त्याच्याशी या माणसाचा काही संबंध नव्हता. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, वाळक्या शेंगेसारखं अंग, वय साठीला टेकलेलं. मूळ धंदा जळालेल्या मोटारी भरून देण्याचा. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी त्यांच्या दुकानापुढे ओळीने पडलेल्या असत. पण दोन कॅसेट डेक, एक अॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे चार स्पीकर बाळगणारा देवपुरातला पहिला माणूस तोच. त्यामुळे पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नाना स्वतः कधी नाचले नाहीत. गाणं गुणगुणतानाही त्यांना कोणी ऐकलं नाही. ते स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवत आणि म्हणत, "माझा हात ऐकतो. कानाचं काम नाही हे."

त्यांची दुसरी ओळख म्हणजे भित्रेपणा. साऱ्या देवपुराला तो ठाऊक होता. मिरवणुकीत इतर सेटवाले अॅम्प्लिफायरच्या दिव्यांकडे बघत, नाहीतर गच्चीवरच्या बायकांकडे. नाना बघत नाचणाऱ्यांच्या मानांकडे. टेम्पोवर उभं राहून एकेकाची मान न्याहाळत असायचे. "नाना, माना मोजता काय?" असं पोरं ओरडायची. "कोंबड्या विकायच्यात का?" नाना हसत नसत. एरवी ते आमच्याशी साधं शहरी मराठी बोलत, पण भीती वाटली की जिभेवर गावची अहिराणी यायची. "घाम ई राहिना तोवर भेव नही," ते मला एकदा म्हणाले होते. "घाम थांबना का माले सांगा." घाम येतोय तोवर चिंता नाही, थांबला तर मला सांगा. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

आता अविनाशविषयी. तो चार वर्षं पुण्याला इंजिनिअरिंगला होता, आणि तिथून पदवीबरोबर एक वेड घेऊन आला. त्याला लोक टेक्नो म्हणत. त्यात गाणारा नाही, पेटी नाही, तबला नाही, सगळं यंत्रावर. तोच ठोका दहा दहा मिनिटं. खोलीचं दार लावून तो आणि त्याचे मित्र हे ऐकत बसायचे, आणि बाहेर माझी आई म्हणायची, "पिठाची गिरणी घरात आणली रे यानं." गंमत म्हणजे घरात सगळ्यांनी नाकं मुरडलेलं हे संगीत कळलं एकट्या नानांना. ते स्पीकर दाखवायला आले होते तेव्हा अविनाशने आपली कॅसेट लावली. नानांनी लाकडावर हात ठेवला, अख्खी बाजू संपेपर्यंत ठेवला. मग म्हणाले, "चांगली मोटार आहे. हळूहळू वेग घेते. एकदम पूर्ण दाबानं चालू करत नाही हा माणूस." अविनाश इतका खूश झाला की त्या दिवसापासून तो नानांना वाकून नमस्कार करू लागला.

पण त्याच बैठकीत नाना आणखी एक बोलले. "यात एक धोका आहे. बँडवाल्याचा श्वास संपतो, तेव्हा नाचणाऱ्याला श्वास मिळतो. ढोलवाल्याचे हात भरून येतात, तो बिडी ओढायला थांबतो, तेवढ्यात पोरं पाणी पितात. या मशीनले दम लागस नही, भाऊ. मानूसले लागस. मग मशीनच्या वतीनं कोणीतरी दमलं पाहिजे ना?"

मशीनच्या वतीने नाना दमत ते असं. दर तीन-चार चांगल्या गाण्यांनंतर ते एक अत्यंत रटाळ चीज लावायचे. कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगमध्ये कॅसेटवर भरलेली पेटी होती ती, पाच मिनिटांची, चालीत ना चढ ना उतार. ती लागली की पोरं शिव्या घालत बाजूला व्हायची. टेम्पोच्या मागच्या फळीवर नानांच्या पत्नी, अक्का, वाळा घातलेल्या पाण्याचा ड्रम घेऊन बसलेल्या असत. शिव्या घालणारा आपोआप त्यांच्यापाशी जाऊन पेला पुढे करायचा. नाना त्या पेटीला "पाण्याचं गाणं" म्हणत. पोरं तिला "मयताची पेटी" म्हणत.

माझी चूक इथे सुरू होते. ती मी कोणावर ढकलणार नाही.

मी सरकारी कचेरीत अंदाजपत्रकं तपासणारा माणूस. नानांनी दिलेली मिरवणुकीची यादी मी तपासली. नव्वद मिनिटांत पाण्याचं गाणं पाच वेळा, म्हणजे पंचवीस मिनिटं. दीड तासातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ लोकांना न आवडणारी गोष्ट ऐकवण्यात जाणार होता. शिवाय अविनाशच्या आवडीच्या चिजा दहा-दहा मिनिटांच्या; त्यातली पहिली पाच-सहा मिनिटं नुसतं ठकठक, मग कुठे रंग चढायचा. मला तो सगळा वाया गेलेला माल वाटला. मी अविनाशच्या मित्रांकडून गुपचूप त्याच्या सर्वांत आवडत्या तीस चिजांची यादी घेतली. जळगावच्या एका कॅसेटच्या दुकानात बसून प्रत्येकीतली नेमकी रंगलेली तीन मिनिटं काढून घेतली. नव्वद मिनिटांची कॅसेट, तीस तुकडे, एकही रटाळ क्षण नाही. वर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : "निवडक. अविनाशच्या लग्नानिमित्त." मला त्या कॅसेटचा फार अभिमान वाटला होता.

लग्न जळगावला, मुलीच्या गावी. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक. अंतर नऊशे पावलं. आदल्या दिवशी मी चालून मोजलं होतं. साडेचारला देवळाबाहेर मी ती कॅसेट नानांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून वरचं अक्षर वाचलं.

"यात माझं पाण्याचं गाणं कुठाय?"

"नाही घेतलं. सगळी त्याच्या आवडीची आहेत."

"सगळी?"

"तीसच्या तीस."

नाना टेम्पोतून खाली उतरले. "भाऊ, तुम्ही घरी खुर्चीवर बसून ऐकणार असाल तर ही कॅसेट एक नंबर. खुर्ची दमत नाही. पण हा सगळा ठेचा झाला. भाकर कुठाय?"

"नाना, लग्न आहे. आजच्या दिवशी तरी भाकर कशाला?"

"बठ्ठा चांगलाच गाना लावा तं मानूस पानी कधी पिई?" बठ्ठा म्हणजे सगळी. त्यांची जीभ गावाकडे वळली होती. मला ते तेव्हा कळायला हवं होतं. "माले भेव वाटस, भाऊ. नवरदेव उपाशी शे."

ते खरं होतं. आमच्यात लग्न लागेपर्यंत नवरदेव काही खात नाही. सकाळपासून अविनाशच्या पोटात दोन कप चहा होता. अंगात कोट, डोक्याला फेटा. पण मला वाटलं, तो तर घोड्यावर बसणार. मी म्हणालो, आणि हे वाक्य मला अजून ऐकू येतं, "नाना, सेट तुमचा, पण मिरवणूक आमची आहे. पैसे मोजलेत."

नाना वर चढले आणि कॅसेट लावली. टेम्पोवरून अक्कांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ड्रमाचं झाकण काढून ठेवलं.

पहिली पंधरा मिनिटं अशी काही रंगत आली की मी स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या तुकड्याला पोरांनी नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढलं. तिसऱ्याला त्याच्याभोवती रिंगण झालं. एक तुकडा संपून दुसरा लागला की "हेही आहे? दादा, कमाल केली!" असा ओरडा व्हायचा आणि बाजूला व्हायला निघालेला गडी परत आत शिरायचा. मी अक्कांच्या ड्रमाकडे पाहिलं. पेले उपडेच होते. मनात म्हणालो, बघा, कोणाला तहानच नाही.

साधारण पस्तीस मिनिटांनी आम्ही अर्धा रस्ताही कापला नव्हता. डांबर चपलेला चिकटत होतं. मी रिंगणाच्या कडेला गेलो. पोरांच्या पाठी भिजून चिंब होत्या, शर्ट अंगाला चिकटले होते. मग मला अविनाशची मान दिसली. ती कोरडी होती. कॉलरजवळ मिठाची पांढरी रेघ होती, आणि मान कोरडी, लाल, भाजल्यासारखी. तो नाचत होता, पण ठोक्यावर नव्हता. कोणीतरी त्याचे दोन्ही हात वर धरले होते आणि तो हसत होता. कोणाकडे बघून हसत होता ते कळत नव्हतं.

मला नानांचं वाक्य आठवलं : घाम थांबना का माले सांगा. मी "अवि! अवि!" म्हणून ओरडलो. माझा आवाज मलाच आला नाही. रिंगणात घुसलो तर पोरांना वाटलं दादाही नाचायला आले. दोघांनी मला खांद्याला धरून उड्या मारायला लावल्या. अविनाश माझ्यापासून चार हातांवर होता आणि मला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. मी मान वळवून टेम्पोकडे पाहिलं. मानेवर हात आडवा फिरवून खूण केली : बंद करा, बंद करा.

नाना माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी ते माझ्याआधी पाहिलं होतं. त्यांनी सेट बंद केला नाही. धाडकन बंद केला असता तर चाळीस पोरं "का बंद केलं?" म्हणून टेम्पोकडे धावली असती आणि मधला माणूस पायाखाली आला असता. त्यांनी दुसऱ्या डेकवर पेटी चालू केली, इकडचा आवाज उतरवत नेला आणि तिकडचा चढवत आणला. पोरांचे पाय जड झाले. "ए डिस्को नाना! काय लावलं हे!" "काढा ती मयताची पेटी!" शिव्या सुरू झाल्या आणि रिंगण सुटलं. सुटलेल्या रिंगणाच्या मध्ये अविनाश एकटा उभा होता. मग तो गुडघ्यांवर आला, आणि आडवा झाला.

अक्का माझ्याआधी पोहोचल्या. साठीच्या जवळ आलेली बाई टेम्पोच्या फळीवरून उडी मारून ड्रम ओढत आली. फेटा भिरकावला, कोटाची बटणं तोडली, अख्खा ड्रम त्याच्या अंगावर ओतला. कातडीला हात लावला तर तवा. त्याने डोळे उघडले आणि मला विचारलं, "काका, ही गाडी भुसावळला थांबते का?" माझ्या भावाने मला ओळखलं नव्हतं. त्यानंतरची वीस मिनिटं मला सलग आठवत नाहीत. टेम्पोवरचे स्पीकर खाली फेकून त्याला वर झोपवलं, एवढं आठवतं. नानांनीच फेकले. एक फुटला.

दवाखान्यात सलाइन, बगलेत बर्फ, ओल्या चादरी, वर पंखा. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. काय सांगता आलं नसतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोरज मुहूर्त बाहेर निघून गेला. मुलीचे वडील खोलीच्या दाराशी उभे होते, रागात नव्हते, नुसते हात जोडून उभे होते. व्हरांड्यात बाकावर अक्का माझ्याशेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, यांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा असाच गेला, पिंपळनेरला. स्वतःच्या हळदीत. सेट यांचाच होता. हे तेव्हा दिव्यांकडे बघत होते. त्या दिवसापासून दिव्यांकडे बघत नाहीत."

सारं देवपूर ज्याला भित्रा म्हणायचं, त्या माणसाकडे मी मान वर करून पाहू शकलो नाही. ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभे होते. थोड्या वेळाने स्वतःच जवळ आले. मला वाटलं, आता बोलतील, मी सांगितलं होतं म्हणून. ते म्हणाले, "भाऊ, चूक मन्ही शे. मी 'नही' म्हनाले पाहिजे व्हतं. पैसा देनारा तुम्ही, बटन दाबनारा मी."

रात्री आठच्या सुमारास अविनाशने मला "दादा" म्हणून हाक मारली. तिसऱ्या दिवशी त्याचं लग्न लागलं, मंगलाष्टकांपुरतं, बिनामिरवणुकीचं. दवाखान्यातून सुटायच्या आधी तो मला म्हणाला होता, "दादा, ती कॅसेट परत लावू नकोस."

"कशी लावीन रे? तुझा जीव जात होता."

"जिवाचं नाही म्हणत. कॅसेटच वाईट होती." त्याचा आवाज अजून बसलेला होता, पण या विषयावर बोलल्यावाचून त्याला राहवेना. "तू नुसती शिखरं कापून आणलीस. चढायलाच काही ठेवलं नाहीस. ती दहा मिनिटांची चीज असते ना, तिच्यातली पहिली पाच मिनिटं तीच खरी. सिनेमाची गाणी असती तर तुझी निवडक कॅसेट चालली असती. याला नाही चालत." नाना सलाइनच्या स्टँडपाशी उभे होते. ते म्हणाले, "मोटार एकदम पूर्ण दाबावर टाकली का जळते." दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या खोलीत या संगीतातलं काहीही न कळणारा मी एकटा होतो, आणि निवड मी केली होती.

राहिलेले तेराशे आणि फुटलेल्या स्पीकरचे पैसे घेऊन मी नंतर त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी दोन्ही परत केले. म्हणाले, विसाराच्या पाचशेत टेम्पोचं भाडं भागलं, पुरे झालं. त्या हंगामानंतर नानांनी सेट विकून टाकला. पुन्हा मोटारी भरू लागले. पोरांनी काही दिवस चिडवलं, "नाना, मयताची पेटी तरी ठेवली का?" मग तीही विसरली. बाजारात नवे सेट आले होते. नाचणाऱ्यांच्या छातीत धडकी भरेल असा आवाज, दीड-दोन तास सलग, आणि सेटवाला काळा चष्मा लावलेला. कुठून मिरवणुकीचा ठोका ऐकू आला की नाना हातातलं काम थांबवत. ठोका कमी होईपर्यंत तारेचं वेटोळं तसंच धरून बसत. मीही तेव्हापासून मिरवणुकीत पुढे चालत नाही. कडेने चालतो आणि माना बघतो. पत्नी म्हणते, तुम्हाला नानांची बाधा झाली. अविनाश अजून त्याचं ते संगीत ऐकतो, मात्र त्याच्या कॅसेटला मी पुन्हा कधी हात लावला नाही.

१९९८ च्या मे महिन्यात आमच्या चुलतभावाची मिरवणूक देवपुरात निघायची होती. सेट जळगावच्या एका नव्या पार्टीचा. आदल्या संध्याकाळी मी नानांकडे गेलो. त्यांची प्रकृती उतरली होती, खोकला धरला होता.

"नाना, एक काम आहे. सेट नाही, काही नाही. तुम्ही फक्त बघायला या."

"काय बघायला?"

"तुम्ही बघता ते."

त्यांना खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "सेटवाला माझं ऐकेल?"

"ती अट घातलीय. तुम्ही हात वर केला की रटाळ काहीतरी लावायचं. काय लावायचं ते त्याने ठरवावं, पण रटाळ हवं."

"पैसे घेईन हां मी," नाना म्हणाले. "फुकटात बघितलं का लक्ष राहत नाही."

दोनशे एक्कावन्न रुपये ठरले. दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या मागच्या फळीवर एका लोखंडी खुर्चीवर ते बसले, शेजारी अक्का ड्रम घेऊन. मिरवणुकीभर त्यांनी चार वेळा हात वर केला. चारही वेळा पोरांनी त्यांच्या नावाने ठणाणा केला आणि चारही वेळा पेले पुढे आले. मी कडेने चालत होतो. त्यांचा चेहरा मला दिसत होता. भीतीने तो आवळला होता, ओठ हलत होते, ते मोजत असावेत. ती आमची शेवटची भेट. त्या थंडीत नाना गेले. पण त्या दिवशी, शेवटचा नाचणारा मांडवाच्या सावलीत गेल्यावर मी पाकीट घेऊन टेम्पोपाशी आलो. दोनशे एक्कावन्न रुपये मी अक्कांच्या हातात दिले. नाना अजून मोकळ्या रस्त्याकडेच बघत होते.